साडेअकराचं इंजेक्शन

फाटकाची कडी वाजली आणि मालनआत्यांचा आवाज अंगणातून आत आला, तेव्हा पार्वतीबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली इन्शुलिनची बाटली उचलून पदराखाली घेतली.

"वन्सं आल्या आल्या पाणी प्यायला माठाशीच जातात," त्या वसुधाच्या कानाशी पुटपुटल्या. "ही आत ने. साड्यांच्या मागे ठेव. आणि त्यांनी विचारलंच, तर डोळ्यांचं औषध म्हण."

"डोळ्यांचं औषध मांडीत टोचतात का हो आई?" मृणालिनी नारळ खवता खवता म्हणाली.

"तू गप गं! हिला सकाळीसकाळी चेष्टा सुचतेय."

वसुधा बाटली घेऊन आत गेली. धाकट्या जावेच्या बोलण्यावर एरवी तिला हसू आलं नसतं, आज आलं. गेले दीड महिने मृणालिनी तिच्याशी तुटक वागत होती. वसुधाच्या रक्तात साखर सापडल्यापासून घरातला भात अर्ध्यावर आला होता, मेथीवर मेथी शिजत होती, आणि रेशनची साखर आली की पार्वतीबाई डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवत. "आजार एकीला, पथ्य सगळ्या घराला," असं मृणालिनी नवऱ्याला म्हणालेलं वसुधाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ऐकून ती रडली नव्हती. खरंच तर होतं ते.

आज तिचं डोहाळजेवण. सातवा सरत आलेला.

दोन वर्षांपूर्वीही असंच डोहाळजेवण झालं होतं. चंद्रकोरीच्या मखरात बसवून बायकांनी तिला पुरणपोळ्या, बासुंदी, शिरा, काय काय भरवलं होतं. "दोन जिवांची आहेस, लाजतेस काय!" पोट चांगलं मोठं दिसत होतं. शेजारणी म्हणायच्या, गुटगुटीत होणार हं. आणि नववा लागल्यावर एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की काल दुपारपासून आत काही हललेलं नाही. साडेनऊ पौंडांचा मुलगा. केस, नखं, सगळं जागच्या जागी. झोपल्यासारखा. घरात कुणी त्याचं नाव काढत नसे, कारण त्याला नावच नव्हतं. तिच्या थोरल्या लेकीला, पाच वर्षांच्या मंजूला, अजूनही वाटत होतं, की भाऊ इस्पितळातच राहतो.

त्या वेळी मालनआत्या दाराच्या पायरीवर उभ्या राहून चार बायकांसमोर म्हणाल्या होत्या, "हिने काय खाल्लं, कधी खाल्लं, कुणी बघितलंय?"

ते वाक्य वसुधाच्या अंगातून अजून निघालं नव्हतं.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मागचं सगळं विचारून घेतलं, बाळाचं वजन ऐकून पेन खाली ठेवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी मागच्या पडवीत वसुधाची प्रयोगशाळा. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर तिचे हातपाय गार पडायचे. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हाच प्रयोग करून तिने दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. पुढे आपलंच पाणी त्या नळीत जाणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

"असलं काही उकळायचं असेल तर न्हाणीच्या पलीकडे," पार्वतीबाईंनी पहिल्या दिवशी बजावलं होतं. "माझ्या चुलीचा वारासुद्धा लागता कामा नये." पण आठवडा उलटला, आणि त्याच पडवीच्या दारात पाठ करून उभ्या राहायला लागल्या. वळून बघायच्या नाहीत. नुसतं विचारायच्या, "काय रंग?" निळा म्हटलं, की आत जाऊन देवापुढे फूल वाहायच्या.

त्याच आता कुजबुजत होत्या, की वन्संना कळू द्यायचं नाही. "त्यांना कळलं की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांना कळणार. थोरल्या सुनेला रोग आहे म्हणून. उद्या मंजूच्या लग्नात आडवं येईल ते."

"मंजू पाच वर्षांची आहे, आई."

"मग? वर्षं जायला वेळ लागतो काय?"

ठरलं होतं ते असं: वसुधाने साडेअकराला आतल्या खोलीत इंजेक्शन घ्यायचं. पावणेबाराला ओटी. बाराचा भोंगा व्हायला पानावर. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, हे डॉक्टरीणबाईंनी सासू-सून दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. "आणि अन्न गेलं नाही, ती घामाघूम झाली, हात थरथरायला लागले, बोलणं भरकटलं, तर साखर द्यायची. मला विचारायला धावायचं नाही." त्यावर पार्वतीबाई घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या. "साखर बंद करा म्हणे, आणि मग साखर द्या म्हणे. एक काय ते धड सांगावं की नाही डॉक्टरने!"

वसुधाचा नवरा विद्याधर सकाळी सिरिंज उकळून, झाकून ठेवून मरोळला फॅक्टरीत गेला होता. "मी थांबू का?" त्याने दारात विचारलं होतं.

"बायकांच्या कार्यक्रमात तू काय करणार? बांगड्या भरून घेशील?" पार्वतीबाई म्हणाल्या होत्या.

तो हसला, पण गेला तो दोनदा मागे वळून बघत.

एक गोष्ट मात्र वसुधाने कुणालाच सांगितली नव्हती. आज घरात एवढं गोडधोड. कुणाच्या आग्रहाने एखादा घास तोंडात जाणारच. तो आधीच वळता करून टाकावा म्हणून सकाळी तिने भाकरी अर्धीच खाल्ली होती. उरलेली अर्धी मंजूच्या ताटलीत सरकवली होती. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं होतं.

साडेअकराला तिने दाराला कडी लावली, हिरव्या शालूच्या निऱ्या वर केल्या आणि सुई टोचली. बाहेर आली तर मृणालिनी जुईच्या कळ्यांची वाडी घेऊन उभी. बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट. फुलं बांधता बांधता ती हळूच म्हणाली, "घेतलंस?"

"घेतलं."

"मग लवकर आटपू दे बाई यांचं."

पण आटपेना. बायका जमल्या होत्या, पाटाभोवती रांगोळी होती, चौरंगावर दोन झाकलेल्या वाट्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी; वसुधाने उचलायची ती एक, त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. ओटीचं सामानही मांडलेलं. आणि मालनआत्या कमरेवर हात ठेवून मोजत होत्या.

"चारच? पाचवी कोण?"

"मुलुंडची वहिनी यायचीय," पार्वतीबाई म्हणाल्या. "बस मिळाली नसेल. पण वन्सं, चौघींनी सुरुवात करू या ना. पाचवी येईलच भरायला."

"वहिनी, तुम्हीच असं म्हणावं? पाच लेकुरवाळ्या सवाष्णी बसल्याशिवाय ओटीला हात लागत नाही आपल्यात."

"मग निदान वसुधाला दोन घास..."

"ओटीआधी?" आत्यांचा आवाज असा चढला, की खोलीतल्या गप्पा थांबल्या. "ओटीआधी तिच्या तोंडात शीत जायचं नाही. बाकी काय करायचं ते करा. ह्या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकणार नाही."

डोक्यावरून एक विमान घरघरत खाली उतरलं. अंधेरीतल्या माणसांना विमान आलं की वाक्य अर्ध्यात सोडून थांबायची सवयच असते. तेवढ्या वेळात वसुधाने सासूकडे बघितलं. सासूने तिच्याकडे. सांगू का? पार्वतीबाईंनी पापण्या खाली केल्या. नको. येईल ती एवढ्यात.

बाराचा भोंगा झाला.

सव्वाबारा झाले.

वसुधा पाटावर बसून सगळ्यांकडे बघून हसत होती. ओठांना मुंग्या येत होत्या. आपल्या कपाटात रुमालात बांधलेले साखरेचे खडे आहेत. उठावं आणि जावं. पण उठलं तर आत्या विचारणार, कुठे निघालीस. आणि उठलं तर पाय धरतील का? त्यापेक्षा बसावं. एखाद्या मिनिटाचा प्रश्न. बाळ सकाळी दहाला हललं होतं. त्यानंतर? तिला आठवेना. ती दर तासाला मोजायची, आणि आज मोजायचं राहून गेलं होतं. कानामागून घामाचा एक थेंब मानेवर उतरला. जुईचा वास खूप लांबून यायला लागला.

"तोवर उखाणा तरी होऊ दे!" कुणीतरी म्हणालं. "वसुधा फक्कड घेते."

"घे गं!"

"अंगणात लावला पडवळाचा वेल," वसुधा म्हणाली, आणि थांबली. पुढची ओळ तिने काल रात्रीच जुळवली होती. ती आता कुठे गेली? "पडवळाचा... विद्याधररावांचं... पडवळ..."

बायका खो खो हसल्या. "नवऱ्याला पडवळ म्हणते!"

"लाजली, लाजली!"

वसुधाही हसली. आपण का हसतोय ते तिला कळत नव्हतं. समोरच्या बाईचं नाव तिला ठाऊक होतं, पण ते हाताला लागत नव्हतं. "आई," ती म्हणाली, "नळी विझवा ना. नळी जळतेय."

हसण्यात एकच माणूस सामील नव्हतं. पार्वतीबाई चौरंगापलीकडून उठल्या. त्यांनी सुनेच्या कपाळाला हात लावला. तो ओलाचिंब होऊन परत आला.

"दृष्ट लागली!" मालनआत्या ओरडल्या. "मीठ-मोहऱ्या आणा आधी. मृणालिनी, धाव!"

मृणालिनी धावली नाही. ती सासूकडे बघत राहिली.

पार्वतीबाईंनी चौरंगावरच्या दोन्ही वाट्यांची झाकणं उडवली. पेढा उचलला, बोटांनी कुस्करला आणि वसुधाच्या तोंडात कोंबला. "चाव. चाव म्हणते ना. गीळ."

"वहिनी! अहो, ओटी..."

"गीळ, बाळा. हां. अजून एक घास." पेढा संपला तशी त्यांनी बर्फी उचलली. "मृणालिनी, साखरेचं पाणी. वरच्या फळीवर डबा आहे."

"ठाऊक आहे मला डबा कुठेय," असं म्हणत मृणालिनी स्वयंपाकघरात पळाली सुद्धा.

"अहो वहिनी, डोकं फिरलं काय तुमचं?" आत्या चौरंगापाशी आल्या. "ओटीआधी खायला घालताय? मागच्या खेपेला एवढं झालं, तरी डोळे उघडले नाहीत?"

"दृष्ट नाही ही, वन्सं. साखर उतरलीय तिची." पार्वतीबाई मागे न वळता बोलत होत्या, हात वसुधाच्या हनुवटीखाली धरून. "माझ्या सुनेला साखरेचा आजार आहे. दिवसातून दोनदा सुई टोचून घेते पोर. टोचल्यावर जेवायचं असतं. ते मला माहीत होतं आणि तरी मी तिला उपाशी बसवलं, तुम्ही काय म्हणाल म्हणून. आता सांगा बोरिवलीत ज्याला सांगायचं त्याला."

मंजू पुढे येऊन आईच्या मांडीला चिकटली. मृणालिनी पेला घेऊन आली. पाण्यात साखर इतकी होती की तळाशी चमचाभर तशीच बसली होती. वसुधा घोट घोट प्यायली. पाचएक मिनिटं गेली असतील. मग समोरच्या बाईचं नाव परत आलं, भिंतीवरचं घड्याळ परत आलं, आणि आपण चारचौघींत काय बडबडलो तेही आठवलं.

"मी नवऱ्याला पडवळ म्हटलं?"

"म्हटलंस," मृणालिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "आणि पेढा-बर्फी दोन्ही खाल्लंस. आता जुळ्यांची तयारी करा म्हणावं."

तिने न विचारता ताट आणून पुढ्यात ठेवलं. भाकरी, मेथी, वाटीभर वरण, भाताची एवढीशी मूद. भात तिने नेमका डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता तेवढाच वाढला होता. म्हणजे ती दीड महिना बघत होती तर.

मुलुंडच्या वहिनी आल्या तेव्हा वसुधा जेवून तोंड पुसत होती. "अगोबाई, जेवलीससुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या. ओटी भरली गेली. गाणी झाली. पण मालनआत्या खोलीत नव्हत्या.

पंगत बसली तशी वसुधा मागच्या पडवीत गेली. आत्या कपडे धुवायच्या दगडावर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

आपल्याला राग यायला हवा, असं वसुधाला वाटलं. दोन वर्षं तो जपून ठेवला होता. पण त्या पाठीकडे बघून तो कुठे सापडेना.

"आत्या, पान वाढलंय."

"उतरली का गं... ते काय म्हणाली वहिनी? आता बरं आहे?"

"बरं आहे."

"तुझा किती पौंडांचा होता?"

हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. "साडेनऊ," वसुधा म्हणाली.

"माझा पहिला दहाचा होता. सुईण म्हणाली, जन्मात असा बघितला नाही. तीन महिन्यांचा असावा तसा." आत्या समोरच्या कुंपणाकडे बघत होत्या. "दुसरा तसाच. तिसरी मुलगी. ती एक दिवस राहिली."

वसुधा पायरीवर बसली. आत्यांना मूल नाही, एवढंच लग्न होऊन आल्यापासून तिला माहीत होतं. ओटीच्या वेळी त्या सगळ्यांना सूचना देतात आणि स्वतः लांब उभ्या राहतात, हेही.

"पहिल्या खेपेला मला भूक फार लागायची. आणि तहान. सारखं पाणी, सारखं पाणी. डोहाळजेवणाच्या दिवशी राहवलं नाही. ओटीआधी स्वयंपाकघरात जाऊन दोन करंज्या खाल्ल्या. सासूने बघितलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग पुढे सगळं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, हिनेच खाल्लं पोराला. ओटीआधी खाल्लं ना, म्हणून. पुढच्या दोन्ही खेपांना मी पाण्याचा थेंब घेतला नाही आधी. तरी गेलीच."

"आत्या..."

"म्हणून तुला म्हणत होते गं. तुझ्या वाईटावर नव्हते मी. मागच्या वेळीसुद्धा मला वाटलं, हिनेही खाल्लं असेल. कुणी लक्ष ठेवायला हवं होतं."

वसुधा पायरीवरून त्यांच्याजवळ सरकली.

"तहान लागायची म्हणालात ना," ती म्हणाली. "मलाही लागायची. डॉक्टरीणबाईंनी मला पहिलं तेच विचारलं. मग बाळाचं वजन. आत्या, तुमचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. मी खात्रीने नाही सांगू शकत. पण हे असं होतं, हा आजार असतो. मोठं बाळ ही त्याची खूण असते. त्या दोन करंज्या ओटीआधी खाल्ल्या काय नि नंतर खाल्ल्या काय."

"खरं सांगतेस? का माझं मन राखायला?"

"मी कॉलेजात शिकलेय, आत्या. मन राखायचं मला नीटसं येत नाही."

आत्यांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मध्येच फुटला. वसुधाने त्यांना रडू दिलं. आत पंगतीत कुणीतरी वरण मागत होतं.

तेवढ्यात आत, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, कुणीतरी कोपर मारल्यासारखं झालं. ती श्वास धरून बसली. परत एकदा. मग तिसऱ्यांदा, चांगलं जोरात, रागावल्यासारखं. पाटावर बसल्यापासून मानेत धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या अंगातून सुटलं.

"आत्या, हात द्या इकडे."

"मी?" आत्यांनी हात मागे घेतला. "नको गं. माझा हात नको. मी कुणाच्याच पोटाला..."

वसुधाने तो मनगटाला धरून ओढला आणि शालूवर दाबून ठेवला. तळवा खरखरीत होता, गार होता. बराच वेळ काही झालं नाही. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते, शिक्षा भोगत असल्यासारखे. मग त्यांची बोटं दचकली.

"हा हलतोय."

"हो."

"आपण खायला घातलं म्हणून?"

"म्हणूनच असेल."

आत्यांनी हात काढला नाही. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा कधी टोचायचं असतं?"

"साडेसातला. रात्रीच्या जेवणाआधी."

"आणि टोचल्यावर लगेच जेवायचं."

"लगेच."

मालनआत्या दिवेलागणीच्या आत बोरिवलीला परतायच्या, तीस वर्षांत कधी चुकल्या नव्हत्या. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर खाली घेतला, नाक पुसलं, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मोठ्याने हाक मारली.

"मृणालिनी! कोपऱ्यावरच्या दुकानातून आमच्या ह्यांना फोन लाव गं. म्हणावं, वरण-भात शिंकाळ्यात आहे, गरम करून घ्या. मी आज येत नाही."